चण्याएवढी गोगलगाय आणि मामांची जीभ

माझ्या मामेसासऱ्यांइतकी खात्रीची जीभ अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात दुसऱ्या कुणाला नसेल, असं मी अजूनही म्हणतो. मामांचे वडील उरणकडे मिठागरावर होते. वाफ्यातलं पाणी नुसतं चाखून मीठ कधी धरेल ते सांगायची विद्या मामांनी लहानपणीच उचलली. पुढे मिठागरावर भराव पडला, मामा अंबरनाथच्या कारखान्यात लागले, निवृत्त होऊन बदलापुरात कात्रपला चौथ्या मजल्यावर राहायला आले. जीभ तेवढी तिकडचीच राहिली. लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासालाच ते आचाऱ्याला बोलावून घेत. डॉक्टरांनी रक्तदाबापायी मीठ तोडलं, तेव्हापासून तर प्रत्येक जेवणाला मामींचा उद्धार होऊ लागला.

अशात कॅम्प पाचच्या मासळीबाजारातून आणलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांत एक चण्याएवढी समुद्री गोगलगाय निघाली. करडा शंख, त्यावर काळ्या रेघा, तोंडाशी टिकलीएवढं झाकण. मामी टाकून देणार, तोच झाकण उघडलं आणि बाईसाहेब सिंकच्या कडेने चालू लागल्या. मामांनी तिला बरणीत घातलं, शेवाळलेला दगड ठेवला आणि पाण्यात खडेमीठ विरघळवलं. रोज सकाळी बोट बुडवून चाखायचं, चिमूटभर घालायचं, पुन्हा चाखायचं. पथ्य मोडायला मामांनी हे निमित्त काढलंय, असा मामींचा पक्का संशय. मामा म्हणत, तिला खारं लागतं, त्याला मी काय करू? गोगलगाय काचेवर चढली की ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवत.

दिवाळीनंतर मामांना जबर ताप आला. उठल्यावर त्यांनी पुन्हा पाणी जमवलं, पण गोगलगाय झाकण लावून बसली ती उघडेचना. दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं, तेही मामी बाहेर गेल्याचं पाहून. मी बोट बुडवून चाखलं आणि थुंकायला धावलो. पाणी कडू लागावं इतकं खारट झालं होतं.

मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. "मना कसलीच चव लागत नाय," ते हळूच म्हणाले.

मामांना घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गोगलगाय ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माझ्या गाडीने आम्ही उरणचा किनारा गाठला. मामांनी तिला खडकाच्या सांदीत ठेवलं. पाच-सहा लाटा येऊन गेल्या, तेव्हा कुठे झाकण किलकिलं झालं. मामांनी समुद्रात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि माझ्याकडे वळले.

"खारं हाय ना, जावयबापू?"

मी चाखून हो म्हणालो.

"मग जगंल ती."

हल्ली मामा ताटात पडेल ते मुकाट्याने जेवतात. मामींना ते बघवत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.