ती चाई नव्हती

"अवं कंडक्टर, ती पिशवी आडवी नका करू! आडवी केलीसा तर बघा!"

कराडच्या स्टँडवर माझी आई ओरडत होती. अशी, की पाटणची गाडी रिव्हर्स घेता घेता थांबली आणि चौकशीच्या खिडकीतले साहेब उठून उभे राहिले. पिशवीत तेलाची बाटली होती. माका, जास्वंद, ब्राह्मी घालून चुलीवर कढवलेलं खोबरेल. मी बहरीनला निघाले होते, दवाखान्यातल्या नोकरीवर, आणि आईला लेकीपेक्षा बाटलीची काळजी. गाडी हलली तेव्हा मात्र ती खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "डोकं कोरडं ठेवू नगंस, संगे." त्याला नऊ वर्षं झाली.

आई, आणि माझ्यासारख्या समुद्र ओलांडून आलेल्या बायांनो, इथलं सगळं मी तुम्हाला तिखटमीठ लावून सांगितलंय. नईम भागातल्या माझ्या खोलीचा एसी, ज्याच्यापुढे मीठसुद्धा गोठतं. इथला उन्हाळा, ज्यात आपण पुढे जातो आणि चपला डांबराला चिकटून मागे राहतात. हे एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

त्वचेच्या दवाखान्यात मी नर्सच्या हाताखाली काम करते. तिथे डेनीस आली. अमेरिकेतली कृष्णवर्णीय बाई, इथल्या एका शाळेत गणित शिकवते, राहायला सनद भागात. टाळूवर तळहाताएवढी जागा विरळ झालेली, कातडी गुळगुळीत, दाबलं की दुखायचं. डॉक्टर हुदांनी कातडीचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर नीट समजावलं. हे साधं केस गळणं नाही. आत मुळाशी सूज येते, मूळ मरतं, तिथे वण धरतो. तिच्या समाजातल्या बायकांत हे जास्त दिसतं. घट्ट वेण्यांनी बळावतं, पण सगळा दोष वेण्यांचा नाही, घराण्यातूनही येतं. वण धरला तिथे पुन्हा केस नाही. उरलेले वाचवायचे, आणि तेही लवकर.

डेनीस बाहेर कॉरिडॉरमध्ये कागद घेऊन बसली. मास्तरीणच ती, तिने रकाने पाडले. टाळूत दर महिन्याला स्टेरॉइडची इंजेक्शनं: सूज लवकर उतरेल, पण एका वेळी दहा-पंधरा टोचण्या. गोळ्या: घ्यायला सोप्या, पण पोट बिघडतं आणि उन्हापासून जपायचं. बहरीनमध्ये! मलम: दुखत नाही, पण एकटं पुरं पडेलच असं नाही. केस वाढवायचं औषध नंतर, आणि तेही जिवंत मुळांनाच. तिला सुयांची भीती होती. कागदावरून मान वर करून म्हणाली, "संगी, माझ्या जागी तू काय केलं असतंस?"

शहाण्या बाईने म्हणावं, डॉक्टरांना विचार. मी म्हणाले, "अजून एक रकाना पाड."

आणि सुटलेच. माझ्या आईच्या डोक्यावर अस्साच चट्टा पडला होता. तिने घरचं तेल चोळलं, तर सहा महिन्यांत वेणी एवढी लांब झाली की म्हैस बांधायला दावं लागेना. तेलाचे दोन थेंब पाट्यावर सांडले, तर पाट्याला लव फुटली. डेनीस हसता हसता भिंतीला टेकली. कितीतरी महिन्यांनी हसले, म्हणाली. आणि पुढची अपॉइंटमेंट तिने रद्द केली.

चट्टा आईला कधीच नव्हता. शेजारच्या शालनला होता, रुपयाएवढा, आणि ती चाई होती. आपल्याकडे डोक्यावर टक्कल दिसलं की ती चाई, आणि चाईला तेल, एवढंच शास्त्र. चाईत मुळं जिवंत असतात, ती पुष्कळदा आपोआपच भरते. रोज दवाखान्यात वावरून मला हे कळू नये? कळत होतं. पण गोष्ट रंगात आली होती.

मग दर शुक्रवारी डेनीस नईमला यायची. मी पलंगाच्या कडेला, ती खाली सतरंजीवर, पाठ माझ्या गुडघ्यांना टेकून, आणि गावाहून येणारं घरचं तेल मी तिच्या टाळूवर चोळायची. तिची आईसुद्धा लहानपणी शनिवारी अशीच गुडघ्यांत धरून वेण्या घालायची. ती त्या वेण्यांचं सांगायची, मी म्हशीचं. मग थालीपीठ. "मफी मिरची," म्हणजे मिरची नको, असा ती इथल्या अरबीत दम द्यायची, आणि ठेच्यात बोट बुडवायची. आई, नऊ वर्षांत कुणाचं डोकं माझ्या हातात आलं नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात बोटांना कळलं. गुळगुळीत कातडी तळहाताच्या मापाबाहेर सरकली होती. "काही लागतंय का हाताला?" तिने विचारलं. मी म्हणाले, "लव येतेय, इंशाल्ला." खोटं माझं, आणि भार टाकला देवावर, तोही अरबीत. खरं बोलले असते तर शुक्रवार खलास. म्हणून नाही बोलले. दुसरं काही कारण नाही.

पाचव्या महिन्यात शाळेच्या समारंभात कुणीतरी पाठीमागून काढलेला फोटो तिने पाहिला आणि ती थेट दवाखान्यात आली. डॉक्टर हुदांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी ठेवला. चट्टा दुपटीने वाढला होता. त्याच दिवशी पहिली इंजेक्शनं दिली. ट्रे मी धरला होता. डेनीसने डोळे मिटून घेतले होते, आणि प्रत्येक सुईला तिच्या पायाची बोटं आखडत होती.

डॉक्टर बाहेर गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. शालन, चाई, दुसऱ्या महिन्यातली बोटं. एकही शब्द फुगवला नाही. जन्मात पहिल्यांदाच असेल. ती ओरडेल म्हणून मी खांदे आवळून उभी होते. ती आरशासमोर स्कार्फ बांधत राहिली.

गावात माझं बोलणं सगळे दहाने भागून घेतात. मी विहिरीत मगर आहे म्हटलं तर बाया सरडा समजून पाणी भरतात. तिथे माझ्या थापेने कुणाचं वाईट झालं नाही, कारण तिथे मला कुणी पुरतं खरं धरलंच नाही. घर म्हणजे आता मला तेवढंच कळतं: जिथे आपलं किती खरं धरायचं ते लोकांना ठाऊक असतं. इथे एका बाईने मला जशीच्या तशी खरी मानली, भागलं नाही, वजा केलं नाही. ती जागाही घर होऊ शकली असती.

"शुक्रवारी ये ना," मी म्हणाले. "तेल नाही. नुसती जेवायला."

तिने स्कार्फची गाठ घट्ट न करता तशीच सैल सोडली, पर्स उचलली.

"चार आठवड्यांनी येईन," ती म्हणाली. "अपॉइंटमेंटला."