शिशी पाहिल्याशिवाय

इंजेक्शनची रिकामी शिशी स्वतः पाहिल्याशिवाय चाचा बिलाला हात लावत नसत. हातमोजा घालायचा, शिशी खिडकीच्या उजेडात धरायची, बॅच नंबर मोठ्याने वाचायचा आणि वरचं स्टिकर सोलून फाइलीत चिकटवायचं. अकोल्याच्या ज्या कॅन्सरच्या दवाखान्यात मी बिलिंगला लागले, तिथे चाचा माझे वरिष्ठ होते. नर्सबाया त्यांना शिशीवाले चाचा म्हणत आणि ते ही पदवी खुशाल मिरवत.

आमचे बहुतेक पेशंट सकाळी एसटीने यायचे, खुर्चीत बसून औषध घ्यायचे आणि संध्याकाळी घरी परतायचे. भरती नाही, खाट नाही, म्हणून विमा कंपनीला आमच्या प्रत्येक बिलाचा संशय. औषधाचा कोड, शिशीतलं किती दिलं, उरलेलं किती फेकलं, सगळं वेगवेगळं दाखवावं लागे. "गेलं किती अन् फेकलं किती, दोन्ही लिहत जाय बेटा," चाचा सांगत. "घाई आपली, अन् इंजेक्शन अडते पेशंटचं."

डोस वजनावर ठरतो, म्हणून ते खिडकीतूनच विचारायचे, "माय, आज वजन किती भरलं वं?" साहजिकच लोक त्यांनाच डॉक्टर समजत. मूर्तिजापूरच्या एका आजोबांनी तर आपल्या बद्धकोष्ठाची हकीकत त्यांना पहिल्यापासून ऐकवली. चाचांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "बाबाजी, मी बिलवाला आहो. पन तुमचं दुखणं खरं हाय."

एकदा भाचीच्या लग्नासाठी ते तीन दिवस अमरावतीला गेले. दर्यापूरकडच्या रेखाबाईंचं बिल मी केलं. बाई आजाराने वाळल्या होत्या, डॉक्टरांनी डोस कमी केला होता, आणि मी मागचंच बिल बघून अख्खी शिशी दिल्याचं लिहून टाकलं. चाचा परतले तेव्हा टेबलावर कागदांचा ढीग. "तुनं केलं ना? मंग पाहाचं काय," म्हणत त्यांनी शिशी न बघता सही ठोकली. माझ्यावर विश्वास टाकला, एवढीच त्यांची चूक.

आठवड्याने कंपनीचं पत्र आलं. दिलेला डोस डॉक्टरांच्या कागदाशी जुळत नाही, खुलासा येईपर्यंत पुढच्या इंजेक्शनला मंजुरी नाही. रेखाबाईंचं इंजेक्शन गुरुवारी होतं आणि ते चुकवून चालणार नव्हतं. मला रडूच फुटलं.

"रडून काय होते? नर्सबाईचं रजिस्टर आन," चाचा म्हणाले. फेकलेलं औषध त्यात नीट नोंदलेलं होतं. त्यांनी बिल दुरुस्त केलं आणि खुलाशात स्वतःच्या नावावर लिहिलं, ‘चूक माझी.’

"चाचा, चूक तर माझी आहे," मी म्हटलं.

"तुही नोकरी कच्ची हाय. खाली सही माही हाय ना? मंग चूप बस."

मी चूप बसले. बुधवारी मंजुरी आली, गुरुवारी रेखाबाईंना इंजेक्शन मिळालं. चाचा मात्र निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर होते. व्यवस्थापकांनी त्या खुलाशावर बोट ठेवलं आणि पुढची मुदत दिली नाही. त्या दिवशीही माझं तोंड उघडलं नाही. आठवलं की अजून लाज वाटते.

सगळी इंजेक्शनं पार पडल्यावर रेखाबाई तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन खिडकीशी आल्या. "ते बाबा कुठी गेले? त्याइले द्या माह्याकडून."

पिशवी घेऊन मी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात चाचांचं घर शोधत गेले. चाचा ओसरीवर बसून लगेच शेंगा सोलायला लागले. चाची मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "बुढापे में नजर चूक गई इनकी, बेटा. शरम के मारे बाहर नहीं निकलते."

म्हणजे घरातसुद्धा त्यांनी माझं नाव काढलं नव्हतं.

"चाची, इनकी नजर नहीं चूकी. वो बिल मैंने बनाया था."

"काहून सांगतलं वं?" चाचा ओरडले. माझ्यावर ते ओरडले ते तेवढंच. चाची जाऊन त्यांच्या शेजारी बसल्या आणि त्यांच्याच ताटातल्या शेंगा सोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी तीच गोष्ट व्यवस्थापकांना कागदावर लिहून दिली आणि खाली माझी सही केली.