ओल्या मातीतली तहान

सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. उत्तम शिगवण खाडीकाठच्या पेणकरपाड्यातल्या आपल्या रोपवाटिकेत उकिडवे बसून मोगऱ्याची पानं मोजत होते. कुंडीत बेचाळीस पानं. एकतीस पानांच्या कडा तपकिरी. काल चोवीस होत्या.

शिगवण चौपन्न वर्षांचे, गुहागरकडचे. बावीस वर्षांपूर्वी दोन इमारतींमधल्या भाड्याच्या जागेत त्यांनी रोपं विकायला सुरुवात केली. आता अकराशे कुंड्या आहेत आणि मागे राहायची एक खोली. खोलीला लागून, हिरव्या जाळीखाली मोठ्या कुंड्यांत एकोणीस जुनी झाडं आहेत. त्यांना ते मातृवृक्ष म्हणतात आणि विकत नाहीत. इथलं प्रत्येक रोप त्यांच्याच फांदीचं. त्यातलं अनंताचं झाड गावच्या परसातून आणलेलं; तिथलं मूळ झाड रस्ता रुंद करताना तोडलं गेलं. ही एकोणीस गेली तर नवं रोप करायला हाताशी काही उरणार नाही.

मे महिना लागला आणि पानांच्या कडा जळू लागल्या. शिगवणांनी ऊन समजून पाणी दुप्पट केलं. त्यांच्या गावात विहिरीचं पाणी कधी वाईट नसतं. झाड सुकलं म्हणजे पाणी कमी पडलं, इतकंच तिथे शिकायला मिळतं. पंधरा दिवस ते पाणी घालत राहिले. मातीवर पांढरा थर चढला. तो त्यांना खताचा वाटला.

"डाळ सात शिट्ट्या झाल्या तरी कडक," त्यांच्या पत्नी नीलिमावहिनी खोलीच्या दारातून म्हणाल्या. "साबणाला फेस नाही. आठ दिवस सांगतेय."

"मला नाही सांगितलंस."

"सांगितलं. तुम्ही मोगऱ्याशी बोलत होता."

सात वाजता रामूचा टँकर आला. नळाचं पाणी घरापुरतंही पुरत नाही, त्यामुळे झाडं, धुणीभांडी आणि नळाचं संपलं की स्वयंपाकही टँकरवर चालतो. रामूने पाइप जोडला. शिगवणांनी ओंजळ भरली, जिभेला लावली आणि थुंकले.

"रामू, पाणी कुठलं?"

"नेहमीचंच, काका. खाडीच्या अंगाची बोअर."

"खारट आहे."

"मग काय मी मीठ टाकून आणतोय? पाणी खाली गेलंय. मालकाने पंप अजून वीस फूट सोडलाय."

जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की रिकामी जागा रिकामी राहत नाही. खाडी शेजारीच आहे.

शेजारच्या इमारतीतला निकेत कामाला निघाला होता. तो पाण्याचे फिल्टर दुरुस्त करतो. शिगवणांनी त्याला हाक मारली. त्याने पिशवीतून पाण्यातले क्षार मोजणारं पेनाएवढं टीडीएस मीटर काढून बादलीत बुडवलं. दोन हजार आठशे चाळीस. मग नळाच्या पाण्यात. सत्तर.

"काका, हाच टँकर आमच्या टाकीत पण उतरतो."

"बिल्डिंगवाले तर काय बोलले नाय," रामू म्हणाला.

"फिल्टरचं पितात ना, कळणार कसं? झाडांना कुठे फिल्टर आहे?"

शिगवणांनी एक मोगरा कुंडीतून उपटला. माती बोटभर खोलपर्यंत ओली होती. मुळं तपकिरी, चिमटीत धरली तर सालपट निघून येत होतं. मातीत मीठ साठलं की मूळ पाण्यात बुडालेलं असूनही पाणी ओढू शकत नाही. ऊन तेच होतं, हवा तीच, मातीही त्यांनीच कालवलेली.

"तहानेने मेलंय," ते म्हणाले आणि पाइप काढायला सांगितला.

निकेतने सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन लावला. दोन मिनिटांत ठेवला. "म्हणतात, दुसरा टँकर मिळतोय कुठे?"

मीठ धुऊन काढायला गोडं पाणी लागतं. मोठ्या कुंडीला चार बादल्या. घरच्या नळाला रोज नऊ बादल्या येतात. हिशेब वहिनींनीच मांडला.

"घराला तीन ठेवते. सहा तुमच्या झाडांना."

"आणि अंघोळ?"

"टँकरच्या पाण्याने. आपल्या कडा थोड्याच जळतायत?"

शिगवणांनी बोटांवर मोजलं.

दिवसाला दीड झाड, म्हणजे एकोणिसांना तेरा दिवस. शेवटच्या झाडाला तेवढे मिळतील असं शिगवणांना वाटत नव्हतं. बाहेरच्या अकराशे कुंड्या त्यांनी हिशेबात धरल्याच नाहीत. जाळीखाली जाऊन त्यांनी एकेका खोडाची साल नखाने खरवडली. पाच झाडं आतून कोरडी होती. ती बाजूला सरकवली. अनंत मातीपासून वीतभर उंचीपर्यंत हिरवा निघाला.

उद्या नळाला पाच चाळीसला पाणी येईल आणि सहा वीसला जाईल. पहिल्या चार बादल्या अनंताला, पुढच्या दोन जाळीखालच्याच कढीपत्त्याला. सात वाजता रामूचा टँकर येईल. शिगवणांच्या दारात एक पिंप भरेल आणि बाकीचं सगळं पाणी शेजारच्या इमारतीच्या टाकीत सोडेल.