शिट्टीने सोडवलेली दारू

त्या बाईसारखी तक्रार मी अख्ख्या नोकरीत पुन्हा ऐकली नाही. नवऱ्याची दारू सुटली, हीच तिची तक्रार होती.

तेव्हा मी आर्वी तालुक्यात ठाणेदार होतो. जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे दारूच्या केसेस रोजच्याच. रोहणा गावाकडची ही अंगणवाडी सेविका सकाळीच नवऱ्याला घेऊन ठाण्यात आली.

"साहेब, दोन महिने यायले व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आता दारू पीत नाई. पन मले विचारल्याशिवाय पानीबी पीत नाई. काऊन असं झालं?"

नवरा गवंडी, चाळिशीचा. मी त्याला विचारलं, "केंद्रात मारत होते?"

"नाई साहेब. केंद्र चांगलं हाये."

प्रत्येक प्रश्नाला तेच उत्तर, त्याच सुरात. पढवलेला जबाब ओळखू येतो, पण तेवढ्यावर गुन्हा दाखल होत नाही. मी त्यांना घरी पाठवणारच होतो.

तेवढ्यात आवारात परेडची शिट्टी वाजली. गवंडी ताडकन उठला, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसला आणि भडाभडा ओकला. बायको घाबरून त्याची पाठ चोळत राहिली. मी परेड थांबवली, चहा मागवला आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसलो. बायकोने सांगितल्यावर तो चहा प्यायला आणि बोलू लागला.

"शिट्टी वाजली का दारू पाजत. त्यात औषध राहे. मंग ओकारी. दिवसातून चारदा. नंतर नुसती शिट्टी, तरी ओकारी ये. न विचारता बोललं, पानी पेलं, तरी शिट्टी."

दुपारी केंद्रावर छापा टाकला. हायवेलगतच्या गोदामात अकरा माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली. आम्ही दार उघडलं तरी एकानेही वळून पाहिलं नाही. केंद्राची नोंदणी नव्हती, डॉक्टर नव्हता. औषधाच्या बाटल्या पंचनामा करून जप्त केल्या. केंद्राचा चालक चौकशीत जराही डगमगला नाही.

"कुत्र्याले शिकवता येते, मंग माणसाले काऊन नाई? यायची दारू सुटली का नाई, तेवढं पाहा ना साहेब."

मला थकवलं ते पुढच्या कामाने. त्या अकरा जणांपैकी बहुतेकांच्या घरच्यांनी जबाब द्यायलाच नकार दिला. एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "बंद नका करू साहेब. लेक आता मले मारत नाई." शेवटी गवंड्याचा जबाब आणि वैद्यकीय अहवाल यांच्या जोरावर दोषारोपपत्र दाखल झालं. पुढे चालकाला शिक्षा झाली.

काही महिन्यांनी ती बाई आर्वीच्या बसस्टँडवर भेटली. "काल भाजीत मीठ जास्त झालं म्हनून हे माह्याशी भांडले साहेब," ती हसत सांगत होती. दारूचं विचारलं, तर म्हणाली, "दोनदा पेले. मंग सोताच सरकारी दवाखान्यात गेले. आता दर सोमवारी जातेत."

मीही नोकरीत कित्येकांना धाक दाखवून सरळ केलं आणि फाईल बंद केली. त्यातले किती सुधारले आणि किती नुसते गप्प बसले, हे पाहायला मी एकाच्याही घरी कधी गेलो नाही.