तांदळाच्या पिंपातली रॅकेट

काल लेकीने टेनिस चेंडूंचा नवा डबा उघडला आणि त्या रबरी वासासरशी मी थेट ऐंशीच्या दशकातल्या दक्षिण भारतातल्या आमच्या जॉर्ज टाउनच्या घरात पोचले. अक्काला खेळाडू म्हणून बँकेत नोकरी मिळाली होती. तिला मात्र व्यावसायिक टेनिस खेळायला परदेशी जायचं होतं. मी तिच्या सामानाची यादीही करून ठेवली होती.

“सही कर. टेनिस संध्याकाळी खेळ,” म्हणत अप्पांनी बँकेचं पत्र पुढे सरकवलं. अक्का रडवेली झाली.

दमट हवेत तारा खराब होऊ नयेत म्हणून तिची रॅकेट तांदळाच्या पिंपात असायची. अम्माने ती उपसून आणली. “अहो, तीन वर्षं हिच्यावरचे तांदूळ झटकतेय मी. ते काय पोरीने शिक्के मारावेत म्हणून?”

अप्पांनी माझी यादी ओढली आणि लिहिलं, ‘स्वेटर दोन’.

तेव्हा वाटलं, अम्मा जिंकली. आता वाटतं, कुणीतरी असं म्हणावं याचीच अप्पा वाट पाहत होते.