एकाच कुळातले दोन जिवाणू

सुशीलाबाई डुकरं पाळतात. त्यांच्या कळपात खोकला पसरला आणि नमुने आमच्या प्रयोगशाळेत आले. जिवाणू सापडला, पण दोन भावंडांपैकी नेमका कोणता, ते कळेना. दोघेही दिसायला सारखेच आणि राहतातही डुकराच्या श्वासनळीतच. एक तिथे निमूट जगतो. दुसरा खाता खाता विष सोडतो. इतक्या जवळच्या नात्यात ही एकच सवय वेगळी कशी निघाली असेल? मी अस्वस्थपणे शेवटच्या तपासणीची वाट पाहत होते.

निकाल आला.

"मॅडम, त्या दोघांतला वाईटच का?" प्रयोगशाळेत येऊन बसलेल्या सुशीलाबाईंनी विचारलं.

"हो. पण औषध आहे."

त्यांनी तिथूनच सुनेला फोन लावला. "न खोकणारी पिल्लं आधी बाहेर काढ. माझ्यासाठी थांबू नकोस."