दारातल्या चपला

आमच्या गावात कुणाचं घर रिकामं राहणार असलं की लोक कुलूप शोधायच्या आधी गवराबाईला शोधायचे. लग्न असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणाचा दहावा. आदल्या दिवशी तिच्या दारात जायचं आणि म्हणायचं, "गवराबाई, उद्या आमच्याकडं बसा." ती "व्हय" म्हणायची आणि घरधनी निर्धास्त व्हायचा. पन्नास वर्षांत तिने राखलेल्या घरातून साधा चमचा गेला नव्हता. गेलं ते एकदाच, आमच्या घरातून. ते तिच्यामुळे गेलं नाही, एवढं तोंडाने म्हणायला मला पाच महिने लागले.

आमचं गाव चाकणच्या एमआयडीसीला खेटून आहे. निम्म्या जमिनी कंपन्यांना गेल्या, उरलेल्यांवर चाळी आणि गोदामं उभी राहिली. गावात आता मूळ माणसांपेक्षा भाडेकरू जास्त. शिफ्ट सुटली की रस्त्यावर हजार चेहरे दिसतात, त्यातले दहासुद्धा ओळखीचे नसतात. कोण कुठला, कधी आला, कधी गेला, कुणी विचारत नाही. गवराबाई मात्र विचारायची. ते तिचं कामच होतं.

तिची पद्धत सगळ्या गावाला पाठ होती. घरचे निघायच्या आधी ती एक जाडजूड कापडी पिशवी घेऊन यायची आणि दारात चपला मांडायची. सगळ्या पुरुषांच्या. तिच्या नवऱ्याची, बिरूबाबाची, टायरची चप्पल. तिच्या मुलाचे, बाळूचे, कंपनीतले काळे बूट. बाकीच्या कुणाकुणाकडून मागून आणलेल्या. बिरूबाबा जाऊन वीस वर्षं झाली होती आणि बाळू अकरा वर्षांपूर्वी हायवे ओलांडताना कंटेनरखाली गेला. ही दोघं सोडली तर तिला कुणीच नव्हतं, आणि ही दोघंही नव्हती.

लहानपणी मी एकदा तिच्या चपला छान ओळीत लावून दिल्या. तिने सगळ्या पुन्हा विस्कटल्या. "ओळीत दुकानातली पायतानं असत्यात," म्हणाली. "घरातल्या मानसांची वाकडीतिकडीच पडत्यात." मग ती आत नळ सोडायची, टीव्ही मोठ्याने लावायची, आणि उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची. रस्त्यावर अनोळखी पाऊल वाजलं की आत तोंड करून हाक मारायची, "आवं, च्या घेता का?" थोडं थांबायची. "आन बाळू, तू रं?" उत्तर ऐकल्यासारखी मान डोलवायची. आम्ही पोरं हसून लोळायचो. पण आलेला माणूस मात्र पुढे निघून जायचा.

तिच्या स्वतःच्या दोन खोल्यांना कधी कडी लावलेली नसायची. उन्हाळा असो की पावसाळा, दार सताड उघडं. विचारलं तर म्हणायची, "माझ्यातनं काय न्हेणार? मलाच न्हेलं तर बरं हुईल."

मागच्या माघात माझी आजी, मंजुळाबाई, गेली. गवराबाई तिची अर्ध्या शतकाची सोबतीण. दोघींनी एकाच वावरात खुरपलं, एकाच विहिरीचं पाणी ओढलं. नंतर आमच्या जमिनीला भाव आला आणि आम्ही बंगला बांधला. गवराबाईला जमीनच नव्हती, त्यामुळे तिच्याकडे काहीच आलं नाही. तरी रोज दुपारी ती आजीजवळ येऊन बसायची.

आता माझ्याबद्दल. मी अजिंक्य. कंपन्यांना कामगारांच्या बस पुरवतो, आणि गावात माझी खरी ओळख म्हणजे फ्लेक्स. आमच्याकडे माणूस गेल्याचं दुःख किती मोठं, हे फ्लेक्सच्या मापावरून ठरतं. आजीचा दहावा म्हटल्यावर मी चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. मध्ये आजीचा फोटो, वर ढग, खाली दिवा. त्याखाली ठळक अक्षरांत दशक्रिया विधीची तारीख, सकाळी साडेसात ही वेळ, नदीघाट हे ठिकाण. आणि मग 'शोकाकुल' म्हणून घरातल्या एकूण एक माणसाचं नाव, फोटोसकट. वडील दादासाहेब, मी, धाकटा भाऊ सनी, आत्या, त्यांची मुलं, सगळे. एकही सुटलं नाही याचा मला अभिमान वाटला होता.

गवराबाईला वाचता येत नाही. तिने मला फ्लेक्सपुढे उभं करून सगळा मजकूर वाचायला लावला. वाचून झाल्यावर ती बराच वेळ आजीच्या फोटोकडे बघत राहिली.

"समद्यांची नावं लिवलीस," ती म्हणाली. "आन येळ बी लिवलीस?"

"मग लोकांना कळणार कसं?"

"मग मी घरात कोन हाय म्हनून सांगू?"

मी हसलो. "आजी, तुमचं नाव नाही ना टाकलं! तुम्ही आहात की. शिवाय चार कॅमेरे आहेत. मी घाटावर बसून मोबाईलवर सगळं बघणार."

"कॅमेरा बघतो रं," ती म्हणाली. "पर कोन हाय म्हनून इचारतो का?"

त्याच दिवशी संध्याकाळी दोन माणसं मोटारसायकल थांबवून फ्लेक्स वाचत उभी दिसली. एकाने फोटोही काढला. मी पलीकडे चहा पीत होतो. मला वाटलं, डिझाइन आवडलं असेल. मी मनातल्या मनात फुगलोसुद्धा. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, हे मी आजही स्वतःला विचारतो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी गवराबाई दादांकडे आली. पदराशी चाळा करत म्हणाली, "दादासाब, उंद्या मला बी घाटावर येऊ द्या. मंजुळीला येकदा हात जोडती. पन्नास वरसं मी कुनाच्या दहाव्याला गेली न्हाई. सारकी घरंच राखीत बसली."

दादा म्हणाले, "तुझ्याशिवाय घर कुणाच्या भरवशावर सोडू, गवराबाई? आईचं सगळं सोनं घरात आहे. तेराव्याला बहिणींना वाटून द्यायचं म्हणून कालच लॉकरमधून आणलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता ती पिशवी घेऊन दारात हजर झाली. आमची गाडी वळताना मी मागे पाहिलं. ती बाळूचा एक बूट जरा तिरका करून ठेवत होती.

घाटावर सगळं गाव लोटलं होतं. आमची आळी तर अख्खी रिकामी झाली होती. प्रवचन झालं, पिंडाला कावळा शिवला, आणि मग श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच, माजी सरपंच आणि भावी सरपंच असे तिघे आणि त्यांचे कार्यकर्ते. आमच्याकडे मेलेल्या माणसाबद्दल दोन मिनिटं आणि स्वतःबद्दल दहा मिनिटं बोलायची रीत आहे. तिसरं भाषण चालू असताना माझ्या खिशात मोबाईल थरथरला. दारातल्या कॅमेऱ्याला हालचाल दिसली होती.

मी बाजूला गेलो आणि कॅमेऱ्याचा आवाज वाढवून मोबाईल डोळ्यांपुढे धरला. पडद्यावर आमचं दार, समोर चपला, उंबऱ्यावर गवराबाई, मांडीवर सूप. फाटकातून दोन माणसं आत येत होती. अंगात कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर हेल्मेट. इकडे असे हजारो फिरतात.

"कोन हाय? कोन पायजे?" गवराबाईने विचारलं. उत्तर आलं नाही. तिने आत तोंड केलं आणि हाक मारली. त्या दिवशी तिने बाळूला हाक मारली नाही. मला मारली.

"आजिंक्या, ऊठ रं! कोन आल्यात बघ!"

पुढचा माणूस चपलांपाशी थांबला. अगदी अदबीने, घरच्या म्हातारीशी बोलावं तसं बोलला. "आजी, अजिंक्य घाटावर हाय. दादासाहेब बी घाटावर. सनी बी. चौकात समदं लिहिलंय की."

मग त्याने पायाने बाळूचा बूट बाजूला सारला आणि आत आला. मागचा माणूस कॅमेऱ्याकडे वळला. माझा पडदा काळा झाला.

मी गाडीकडे धावलो. दादांना खूण केली, पोलिसांना फोन लावला. शेजारी कुणाला फोन करावा, तर सगळे शेजारी माझ्याच मागे बसून भाषण ऐकत होते. सात किलोमीटरचं अंतर. मुख्य चौकात कंटेनरची रांग लागली होती, जशी रोज लागते. हॉर्नवर तळहात दाबून मी रडत होतो. पोहोचायला पन्नास मिनिटं लागली. पोलिसही त्याच रांगेत अडकले होते.

दार उघडं होतं. आत टीव्ही मोठ्याने चालू होता, न्हाणीघरातला नळ वाहत होता. कपाट फोडलेलं, सोनं गेलेलं, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबासुद्धा उचललेला. गवराबाईला त्यांनी देवघरात घालून बाहेरून कडी लावली होती. तिच्या अंगावर साधा ओरखडा नव्हता. तेच तिच्या विरोधात गेलं.

हवालदाराने विचारलं, त्यांना घरातल्यांची नावं कशी ठाऊक? ती म्हणाली, "चौकात लिवलंय म्हनला त्यो." दादांचा चेहरा लाल झाला. "माझ्या आईच्या फ्लेक्सवर ढकलतेस?" मग ते माझ्याकडे वळले. "अजिंक्य, तू मोबाईलवर बघत होतास. असं काही बोलला का तो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या, भाऊबंद, हवालदार. आणि गवराबाई. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. तिला खात्री होती.

"आवाज आला नाही, दादा," मी म्हणालो. "नुसतं चित्र दिसलं."

त्या एका वाक्याने काय झालं ते सांगतो. तिला दोनदा चौकीत बोलावलं, सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तिच्या दोन खोल्या उलट्यापालट्या केल्या, पिठाचा डबासुद्धा ओतून पाहिला. काही सापडलं नाही. सापडणार काय! पण गावाला पुरावा कुठे लागतो? पारावर लोक म्हणू लागले, सोनं घरात आहे हे तिच्याशिवाय कुणाला माहीत होतं? तिला कसा हातही लावला नाही? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. तिला घरी बसायला बोलावणं बंद झालं. पाण्याच्या टाकीवर बायका तिला बघून बोलायच्या थांबत.

आणि मी काय केलं? त्याच संध्याकाळी मी चौकातला फ्लेक्स उतरवला. आमच्याकडे फ्लेक्स फाटेपर्यंत लटकतात. आजीचा मात्र दहाव्याच्या रात्रीपर्यंतही राहिला नाही. कुणीच विचारलं नाही, का उतरवला. बहुतेक विचारायचं कुणालाच नव्हतं.

मला झोप लागेना. डोळे मिटले की ती हाक ऐकू यायची. "आजिंक्या, ऊठ रं." शेवटी पाच महिन्यांनी मी दादांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "झालं ते झालं. आता बोललास तर गाव आपल्याला हसेल. म्हातारीचं काय, चार दिवसांत लोक विसरतील." माझ्या वडिलांचा मला इतका राग कधीच आला नव्हता. खरं तर तो राग माझाच होता, फक्त मी तो त्यांच्या नावावर टाकत होतो.

परवा भर दुपारी मी तिच्याकडे गेलो. पायऱ्यांपाशीच माझे पाय थबकले. जन्मात कधी न मिटलेलं ते दार बंद होतं. आणि दारात चपला मांडल्या होत्या. बिरूबाबाची टायरची चप्पल. बाळूचे बूट, एक जरा तिरका. मागून आणलेल्या बाकीच्यासुद्धा. आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. टीव्ही तिच्याकडे नाही, म्हणून जुना रेडिओ मोठ्याने लावला होता.

मी दार वाजवलं. "गवराआजी, मी अजिंक्य."

रेडिओ चालूच राहिला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. दाराच्या फटीतून तिचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे माझाही तिला येत असणार.

"आजी, मला सगळं ऐकू आलं होतं त्या दिवशी. मी खोटं बोललो. चला माझ्याबरोबर, चौकात उभा राहून सांगतो सगळ्यांना."

तिचा आवाज आला, आतल्या खोलीकडे तोंड करून मारलेला, मोठा, सवयीचा.

"बाळू, दारात कोन आलंय बघ रं."

ती थांबली. उत्तर ऐकल्यासारखी थांबली. मग आतून कडी लागली, आणि तिच्यावर दुसरी.

"त्याला म्हनावं, जा," ती आतल्या कुणाला तरी म्हणाली. "घरात समदी हायेत."